मूल्यमापन: वाचकांचे प्रश्न – आपल्याच केंद्रातल्या शाळांवर संशोधन करावे का?

प्रश्न: मी पुणे जिल्ह्यात केंद्रप्रमुख आहे, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटावर (केंद्रावर) देखरेख करते. नोकरी सांभाळून पीएच.डी. करते. विषय तिसरी-चौथीच्या मुलांचे वाचन. मार्गदर्शक म्हणतात, तुमच्याच केंद्रातल्या शाळा घ्या, परवानगीला हेलपाटे नकोत. संकलित चाचणीच्या गुणपत्रकात सगळी मुले बरी दिसतात. पण परवा एका शाळेत चौथीतल्या तिघांना शेजारी बसवून वाचायला दिले, तर दोघे साध्या शब्दांवर अडखळले. संध्याकाळी गुरुजींचा फोन आला, "मॅडम, हे वर कळवणार का?" मी काय सांगावे?
– एक वाचक, पुणे जिल्हा

उत्तर: गुरुजींना आजच फोन करा आणि स्पष्ट सांगा की त्या तीन मुलांचे वाचन प्रबंधातही येणार नाही आणि अहवालातही नाही. त्यांची परवानगी न घेता, कशासाठी वाचून घेतो आहोत हे न सांगता मिळालेली माहिती आहे ती. त्या दोन मुलांना वाचायला शिकवण्यासाठी मात्र ती जरूर वापरा. पुढच्या आठवड्यात पुन्हा जा आणि गुरुजींबरोबर बसा.

आणि संशोधनासाठी आपले केंद्र घेऊ नका. मार्गदर्शकांचा मान राखून सांगते, ही सोय फार महागात पडेल. तुम्ही वर्गात शिरलात की मुले उभी राहतात, बाई नोंदवही पुढे करतात. तुमच्या पिशवीत प्रबंधाची प्रश्नावली आहे की शेरेबुकात लिहायचा मजकूर, हे त्यांना कसे कळणार? तुमचा शेरा गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर जातो. अशा माणसासमोर शिक्षक आपली बाजू सांभाळूनच बोलणार. तो खोटारडेपणा नव्हे, कोणीही तेच करेल. एखाद्या मापावर निर्णय होऊ लागले की माणसे ते मापच वाकवू लागतात, हे डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकन अभ्यासकाने 1976 साली मांडले. आपल्या केंद्रशाळांमधल्या बैठकांना बसलेल्या कोणालाही ते वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

तपासणी वाईट असते, असे मी म्हणत नाही. 1882 साली जोतीराव फुले यांनी इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळांवरच्या देखरेखीबद्दल अगदी नेमके लिहिले आहे. शाळा तपासणारा डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून साधारण एकदा येतो, त्याचा उपयोग थोडा. तपासणी निदान दर तिमाहीला व्हावी, आणि अधूनमधून आगाऊ न कळवता भेट द्यावी, अशी त्यांची मागणी होती. ज्यांच्या मुलांना शाळेत कोणी विचारत नव्हते, त्यांच्या बाजूने केलेली ती मागणी आहे, आणि मला ती आजही पटते. केंद्रप्रमुख म्हणून तुम्ही न कळवता जरूर जा. संशोधक म्हणून मात्र बरोबर उलटे करायचे. आधी कळवायचे, संमती घ्यायची, आणि नाही म्हणण्याची मोकळीक द्यायची. तुमच्या केंद्रातला कोणता शिक्षक तुम्हाला "नको" म्हणू शकेल?

तेव्हा दुसरा तालुका निवडा. तुम्ही हवेलीत असाल तर भोर किंवा पुरंदर, जिथे तुमच्या शेऱ्याला काही वजन नाही. शाळांना पहिल्या दिवसापासून सांकेतिक क्रमांक द्या आणि नावांची यादी घरी कुलपात ठेवा. एखादे साहेब चहा पिता पिता सहज विचारतील, "कुठली शाळा हो ही?" सांगू नका. ते काम तुमचे नाही. त्यांना हवे तर त्यांनी स्वतः शाळेत जावे.

वाचन तपासताना पाठ्यपुस्तकातला उतारा अजिबात नको. मुळशीच्या एका शाळेत तिसरीतल्या मुलीने माझ्यासमोर अख्खे पान घडाघडा म्हटले. मी मधल्याच एका ओळीवर बोट ठेवले, तेव्हा तिला ती ओळ वाचता येईना. तिला सगळे पाठ होते. तिच्या बाईंच्या वहीत 'वाचन उत्तम' असा शेरा होता, आणि तो त्यांनी प्रामाणिकपणेच लिहिला होता. न पाहिलेला मजकूर द्या, मूल एकटे बसवा, घाई करू नका. मुलांना कितपत वाचता येते हे तपासणाऱ्या 'असर' पाहणीतली पद्धत नीट पाहून घ्या. 2005 पासून ती चालू आहे. आधी पहिलीच्या पातळीचा परिच्छेद देतात. तो जमला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट, नाही जमला तर शब्द, आणि तेही नाही जमले तर अक्षरे. पाहणी ग्रामीण भागात घरोघर होते. शाळेत गेलात तर त्या दिवशी हजर असलेलीच मुले भेटतात. गैरहजर मुले राहून जातात, आणि वाचनात मागे पडलेली बरीचशी त्यांच्यातच असतात. एकाच भेटीत शाळेचा नमुना पूर्ण झाला असे समजू नका. हजेरीपटावरून नावे काढा आणि जी मुले भेटली नाहीत त्यांच्यासाठी पुन्हा जा.

एक गोष्ट मार्गदर्शकांशी बोलून घ्या. प्रबंध झाल्यावर त्या शाळांना काय मिळणार? प्रत्येक शाळेला तिच्या वर्गाचे चित्र, कोणत्या मुलाला कुठून सुरुवात करून द्यायची हे, एका पानावर लिहून द्या. ते पान फक्त त्या शिक्षकाच्या हाती द्या.

प्रश्न: एम.एड.च्या लघुप्रबंधासाठी मी आणि मैत्रिणीने 100 मुलांचे वाचन ऐकून 'येते / येत नाही' अशी नोंद केली. 86 मुलांबाबत आमचे मत जुळले. एवढे पुरे ना?
– कोथरूड

उत्तर: नाही. तुमच्या तक्त्यात दोघींनीही प्रत्येकी 90 मुलांना 'येते' दिले आहे. दोघींनी डोळे मिटून 90 मुलांपुढे खूण केली असती, तरी साधारण 82 मुलांबाबत मत जुळलेच असते. हा योगायोग वजा करण्यासाठी कोहेन यांनी 1960 साली दिलेला कप्पा गुणांक काढा. त्यात 1 म्हणजे पूर्ण एकमत आणि 0 म्हणजे निव्वळ योगायोग. तुमचा तो 0.22 येतो, म्हणजे फारच कमी. तक्ता पुन्हा बघा: प्रत्येकीने 10 मुलांना 'येत नाही' म्हटले, पण त्यातली दोघींच्याही यादीत असलेली मुले फक्त 3. जी मुले शोधायला तुम्ही गेलात, त्यांच्याबाबतच तुमचे एकमत नाही. मत न जुळलेल्या 14 मुलांची ध्वनिमुद्रणे एकत्र बसून ऐका आणि किती चुका झाल्या की 'येत नाही' म्हणायचे ते लेखी ठरवा. मग नवी मुले घ्या आणि दोघींनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून नोंदी करा.