टपरीवरचा चहा आणि आपला कॅमेरा

अरे, पहिल्याच दौऱ्यात साहेबांचा टपरीवर चहा पितानाचा फोटो मिळाला म्हणून एवढा हुरळू नकोस. तो तुझ्यासाठीच मांडून ठेवला होता. पुढच्या वेळी लेन्स जरा डावीकडे वळव, टपरीवाल्याला बाकडं पुसायला लावणारा पीए दिसेल. एका नेत्याला मी शेतकऱ्याच्या ओसरीवर पिठलं-भाकरी खाताना टिपलं होतं. आम्हा तिघा फोटोग्राफरांचं होईपर्यंत तोच घास तीनदा तोंडापाशी गेला. भाकरी तशीच ताटात राहिली.

हे काही आजचं नाही. ब्रिटनचे हॅरॉल्ड विल्सन १९६४ मध्ये पंतप्रधान झाले. चारचौघांत तोंडात पाइप, म्हणजे आपल्यातलाच माणूस. खासगीत मात्र सिगार.

पण सरसकट नाटकही समजू नकोस बाबा. गांधीजींनी १९२१ मध्ये मदुराईत पंचा नेसला, तोही विचार करूनच. मात्र १९३१ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात राजाला भेटायलाही ते त्याच वेशात गेले.

म्हणून बाकीचे कॅमेरे पांगले की मी दहा मिनिटं तिथेच रेंगाळतो. आणि कॅप्शनमध्ये ‘साधेपणा’ वगैरे घालू नकोस, ‘चहा घेताना’ एवढं पुरे.