जुना ऑर्गन दुरुस्त करावा की डिजिटल कीबोर्ड घ्यावा?

प्रश्न : आजोबा संगीत नाटकांच्या साथीला वाजवत असलेला, पायांनी भाता चालवायचा ऑर्गन आमच्या घरी आहे. पावसाळ्यात त्याच्या पट्ट्या अडकतात आणि भाता हवा धरत नाही. तो काढून टाकून ऑर्गनचा आवाज असलेला डिजिटल कीबोर्ड घ्यावा, असा मुलाचा आग्रह आहे. दोन्हींच्या आवाजात खरोखरच फरक असतो का? — एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : फरक असतो, मात्र एकेक सूर वेगळा ऐकून तो शोधू गेल्यास फारसा सापडणार नाही. चांगल्या कीबोर्डमध्ये खऱ्या वाद्याच्या पट्ट्यांचे ध्वनिमुद्रण साठवलेले असते आणि सुटा सूर तयार कानालाही फसवू शकतो. फरक कळतो तो साथीत. अमेरिकी बनावटीच्या ऑर्गनमध्ये पायाखालचा भाता हवा आत ओढतो आणि त्या ओढीने पितळी सूर, म्हणजे आवाज काढणाऱ्या पितळेच्या पातळ जिभा, कंप पावतात. त्यामुळे चार पट्ट्या एकदम दाबल्या की तीच हवा चौघांत वाटली जाते, खर्जाचा सूर बोलायला किंचित वेळ घेतो, आणि गायक तान संपवून समेवर येत असताना वादकाचा पाय नकळत दाब वाढवतो. कीबोर्डमध्ये सहसा प्रत्येक सूर शेजाऱ्याची दखल न घेता वाजतो.

शिवाय, बोटाच्या जोराप्रमाणे आवाज लहान-मोठा होणे ही पियानोची रीत आहे, ऑर्गनची नव्हे. म्हणून कीबोर्डवर ‘टच’ची सोय बंद करून आवाजासाठी पायाचे पेडल जोडावे, एवढ्यानेही साथ पुष्कळ सुधारते.

नक्कल करणारे बारकाव्यांकडे दुर्लक्ष करतात असे मात्र नाही. लॉरेन्स हॅमंड यांच्या १९३५ च्या विजेवरील ऑर्गनमध्ये पट्टी दाबताना होणारी ‘टिक्’ दोष मानली गेली होती. पुढे वादकांना तीच आवडू लागली आणि आजच्या डिजिटल प्रतिकृतींत ती मुद्दाम घातली जाते!

माझे मत विचाराल तर ऑर्गन विकू नये. भात्याचे कापड किंवा चामडे पेटी दुरुस्त करणारा जाणता कारागीर बदलू शकतो. खाडीकाठच्या दमट हवेत लाकूड फुगते, म्हणून अडकलेल्या पट्टीवर पावसाळ्यात जोर करू नये आणि वाद्य बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावे. सूर घरी खरवडण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. टोकाशी खरवडल्यास सूर चढतो, मुळाशी खरवडल्यास उतरतो, पण गेलेले पितळ परत येत नाही.

कार्यक्रमाला उचलून नेण्यासाठी आणि शेजाऱ्यांची झोप न मोडता रियाज करण्यासाठी कीबोर्ड अवश्य घ्यावा. वाद्ये जुळवण्याचे ४४० हर्ट्झचे (मधल्या ‘ए’ सुराला सेकंदाला ४४० कंपने) मान आंतरराष्ट्रीय परिषदेत १९३९ साली ठरले. आजोबांचा ऑर्गन त्याआधीचा असल्यास त्याच्या सुरांची उंची थोडी वेगळी असू शकेल. दोन्ही वाद्ये एकत्र वाजवायची झाल्यास कीबोर्डचे ट्यूनिंग ऑर्गनला जुळवून घ्यावे, कारण ते एका बटणाचे काम आहे.