लांबशेपट्या मॅनाकिन पक्षी बघायला जाणाऱ्यांसाठी
कोस्टा रिकात मॉन्टेव्हर्देला जातोयस तर एक सांगतो, हिरवा मॅनाकिन दिसला की लगेच वहीत मादी लिहू नकोस, कोवळे नरही हिरवेच असतात, आधी डोक्यावर लाल टोपी येते आणि पूर्ण काळा-निळा रंग यायला चार-पाच वर्षं जातात. डोकं नीट बघ. दोन नर एकाच फांदीवर सुरात सूर मिळवून 'टोलेडो' ओरडतात, मादी आली की आळीपाळीने एकमेकांवरून उड्या मारतात, पण जोडी जमते जवळजवळ नेहमी त्यातल्या वरिष्ठाचीच! दुसरा वर्षानुवर्षं साथ देतो, मला हे फारच भारी वाटतं. घरटं, अंडी, पिल्लं सगळं मादी एकटी सांभाळते, त्यामुळे घरटं दिसलं तर फोटोसाठी जवळ अजिबात जायचं नाही, आणि मोबाईलवर आवाज वाजवून नरांना बोलवायचं तर नाहीच.