सीओपीडीच्या पेशंटला भूक लागायचं औषध द्यावं का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: वडील अमळनेरला राहतात, वय 68, बरीच वर्षं बिडी, आता सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या आकसून धाप लागते तो फुफ्फुसाचा आजार). सहा महिन्यांत वजन 54 वरून 46 किलोवर आलं. मेडिकलवाल्याने भुकेचं सिरप दिलंय. ते चालू ठेवावं का, की याहून जोरदार गोळी मिळते?

आधी ते सिरप बघा. बाटलीवर बहुतेक सायप्रोहेप्टाडिन लिहिलेलं असेल. हे मुळात ॲलर्जीचं औषध आहे, भूक वाढणं हा त्याचा एक दुष्परिणाम. सीओपीडीच्या म्हाताऱ्या माणसाला ते मी देऊ नका असंच म्हणेन. त्याने तोंड कोरडं पडतं, कफ घट्ट होऊन सुटत नाही, दिवसभर गुंगी राहते. त्यात टायोट्रोपियमचा (श्वासनळ्या मोकळ्या ठेवणारा) पंप चालू असेल तर दोन्ही औषधं लघवी अडवण्याचं काम करतात, आणि प्रोस्टेट वाढलेलं असलं तर एका रात्रीत लघवी तुंबून नळी टाकायची वेळ येऊ शकते. काचबिंदू असेल तर डोळ्यालाही धोका. हे सिरप बंद केलं तर काही बिघडत नाही.

पण घटक न लिहिलेली पुडी किंवा ‘आयुर्वेदिक’ म्हणून दिलेली पावडर महिनाभर चालू असेल, तर ती एकदम बंद करू नका. अशा पुड्यांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड मिसळलेलं सापडतं. तोंड सुजल्यासारखं गोल होतं, शुगर चढते आणि अचानक थांबवलं की बीपी पडू शकतो. पुडी सोबत घेऊनच डॉक्टरांकडे जा.

आता खरा मुद्दा. सहा महिन्यांत 5 टक्के वजन गेलं तरी तपासणी करायला हवी, वडिलांचं 15 टक्क्यांच्या आसपास गेलंय. बिडी ओढलेल्या माणसात टीबी आणि फुफ्फुसाचा कॅन्सर नाही हे पक्कं झाल्याशिवाय भुकेच्या औषधाला हात लावू नये. छातीचा एक्स-रे, थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (टीबीची ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते), शुगर, थायरॉईड, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), हिमोग्लोबिन. एक्स-रेत शंका वाटली किंवा थुंकीतून रक्त येत असेल तर सीटी स्कॅन.

मग औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करा. त्यात थिओफायलिन किंवा इटोफायलिनची (धापेची) गोळी आहे का? मळमळ आणि अन्नावरची वासना जाणं हा तिचा नेहमीचा दुष्परिणाम. वर सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक चालू झालं की तिचं रक्तातलं प्रमाण आणखी चढतं. स्टेरॉईडचा पंप घेऊन चूळ भरत नसतील तर जिभेवर पांढरा थर येतो, घास गिळताना झोंबतं. कवळी सैल झालीये का तेही बघा. एवढ्यातच कित्येकांची भूक परत येते.

जोरदार गोळ्या आहेत, पण त्या काय देतात ते ऐका. मेजेस्ट्रॉल (दिवसाला 160 ते 800 मिलिग्रॅम) भूक आणि वजन वाढवतं, मात्र वाढते ती मुख्यतः चरबी. सीओपीडीत त्याने चालण्याची ताकद वाढलेली दिसली नाही, आणि पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका आहे. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड धापेच्या अटॅकमध्ये 5 दिवस दिलं की भूक लागते, म्हणून घरचे पुन्हा पुन्हा आणून देतात. तसं करू नका, त्याने मांड्यांचे स्नायू झिजतात, हाडं ठिसूळ होतात. ओलान्झापिन (मुळात मानसिक आजाराचं औषध) 2.5 मिलिग्रॅम रोज याचा चांगला अनुभव पुदुच्चेरीच्या जिपमेर या सरकारी हॉस्पिटलचा आहे, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला, पण तो केमो चालू असलेल्या कॅन्सर पेशंटमधला. उदासी आणि झोप न येणं सोबत असेल तर रात्री मिर्टाझापिन 7.5 मिलिग्रॅमचा विचार डॉक्टर करू शकतात. तेही भुकेपेक्षा मनासाठी.

वजन स्नायूंचं वाढायला प्रोटीन लागतं: 46 किलोला रोज 55 ते 70 ग्रॅम. घरात हे जमतं. दोन अंडी (12), अर्ध्या लिटरला थोडं कमी दूध (13), मूठभर म्हणजे 50 ग्रॅम शेंगदाणे कुटून (12), वाटीभर घट्ट डाळ (7), दिवसभरात तीन लहान भाकरी (15). दादरच्या (ज्वारीच्या) ऐवजी कळण्याची भाकरी केली तर उडदामुळे आणखी भर पडते. अंडी चालत नसतील तर दही-पनीर. पण एका ताटात सगळं वाढू नका. पोट भरलं की छाती-पोटामधला पडदा वर दाबला जातो आणि धाप लागते, मग माणूस जेवणालाच घाबरतो. दिवसात सहा वेळा थोडं थोडं द्या, जेवणाआधी अर्धा तास विश्रांती, पाणी जेवणानंतर. ठेचा आणि काळ्या मसाल्याची झणझणीत शेवभाजी सध्या सौम्य करा, कारण ठसका लागला की जेवण तिथंच संपतं. डाळीवर मोठा चमचाभर (15 मिली) शेंगदाण्याचं तेल म्हणजे शंभराहून जास्त कॅलरी, तेही पोट न फुगवता. (क्रिएटिनिन वाढलेलं निघालं तर प्रोटीनचं माप डॉक्टरांना विचारूनच.)

खाण्याबरोबर खुर्चीतून उठ-बस, दिवसातून दोनदा, झेपेल तितकी. नाहीतर खाल्लेलं चरबीतच जातं.

वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, एकाच काट्यावर करा आणि वहीत मांडा. काटा वर गेला तर लगेच नडगीवर बोटाने दाबून बघा. खड्डा पडत असेल तर ते पाणी आहे, हृदयावर ताण आल्याची खूण असू शकते. त्या दिवशी डॉक्टरांकडे जा.