नवीन शहरात राहायला गेल्यावर पहिला आठवडा महिन्याएवढा का वाटतो? मेंदूत नक्की काय होतं?

रस्ता, जिना, दूधवाला, सगळंच नवीन असतं म्हणून मेंदू सगळ्याची नोंद घेतो. नवीन काही दिसलं की हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणी आणि जागा सांभाळणाऱ्या भागात, डोपामाइन हे रसायन वाढतं आणि आठवण पक्की बसते. पुढे रोजचंच झालं की नोंदी कमी होतात, मग महिने कुठे गेले कळत नाही. तुमच्या प्रश्नाचं एवढंच, पण मला दुसरं सांगायचंय कारण यावरून आमच्या घरात भांडणं झालीत.

बाबा गेल्यावर आईला कराडजवळच्या गावातून पुण्याला दादाच्या फ्लॅटवर आणलं. वय ७४, त्यातली ५२ वर्षं एकाच घरात काढलेली. ती रात्री उठून डावीकडे जायची आणि अंधारात कपाट चाचपत उभी राहायची, कारण गावाकडे कॉटवरून उतरलं की डावीकडे सहा पावलांवर मोरी. दादा म्हणाला आईला भ्रम झालाय, आणि रात्री खोलीला बाहेरून कडी लागायला लागली. मी गेले तेव्हा कपाटाच्या दारावर खोबरेल तेलाच्या बोटांचे डाग होते, सगळे एकाच उंचीवर, मोरीची कडी जिथे असायची तिथे.

हा भ्रम नाही हो. मेंदूशास्त्रज्ञ जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी दाखवल्या की ठराविक पेशी ठराविक जागी आल्यावरच पेटते, म्हणजे सक्रिय होते. २०१४ चं नोबेल त्यांना आणि मेंदूतल्या जागा ओळखणाऱ्या आणखी पेशी शोधणाऱ्या मोझर पती-पत्नींना मिळालं. तरुण उंदीर नवीन जागेत सोडला की काही मिनिटांत या पेशींतून त्या जागेचा नवा नकाशा बनायला लागतो, म्हाताऱ्या उंदरात बऱ्याचदा जुनाच चालू राहतो. आईचं तेच झालं होतं.

आणि नकाशा बनणार तरी कसा, दादा तिला लिफ्टने खाली न्यायचा, गाडीत बसवायचा आणि देवळाच्या दारात उतरवायचा! नुसती ने-आण करून म्हाताऱ्या माणसांना जागा कळत नाही, त्यांना चालू द्या, चुकू द्या. मी तीन आठवडे राहिले, कॉट फिरवून बाथरूम डावीकडे येईल अशी लावली, रोज जिन्याने उतरून भाजीवाल्यापर्यंत चालत नेलं आणि येताना म्हणायचे, आई आता तू मला घरी ने. पहिले आठ दिवस ती शेजारच्या बिल्डिंगमध्ये शिरायची, मी काही बोलायचे नाही, ती स्वतःच थांबायची आणि मागे वळायची.

तरी डॉक्टरांना दाखवाच, लघवीचं इन्फेक्शन झालं किंवा सोडियम कमी झालं तरी म्हातारी माणसं अशीच गोंधळतात. आईचंही बी-१२ कमी निघालं आणि इंजेक्शनं द्यावी लागली, दादा अजून सगळं श्रेय त्या इंजेक्शनांनाच देतो. पण ती सुरू व्हायच्या चार दिवस आधीपासूनच आई रात्री उठून सरळ बाथरूमला जात होती, मी त्याच खोलीत खाली गादी टाकून झोपायचे, मी पाहिलंय.