ठोसा लागण्याआधीचं पान

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

तुझी बारा पानं मिळाली. आधी एका बैठकीत वाचून काढली, मग दोन दिवस टेबलावर पसरून ठेवली आणि येता-जाता पाहत राहिलो. सोबत तू विचारलं आहेस की मारधाडीच्या कॉमिक्समध्ये जपानी मांगा सरस की कोरियन मान्ह्वा, आणि यापुढे तू छापील पान काढावंस की मोबाइलवर खाली सरकवत वाचायची लांब पट्टी. सांगतो. पण सुरुवात तुझ्या सातव्या पानापासून करतो, कारण माझं निम्मं उत्तर तिथेच आहे.

सातव्या पानावर तुझी नायिका झेप घेते, वार करते आणि तो दांडगा माणूस भिंतीवर जाऊन आदळतो. तीन चौकटी, तिन्ही देखण्या. पण ही भिंत सहाव्या पानावर कुठे होती? तो माणूस तिच्या डावीकडे उभा होता की उजवीकडे? मी चारदा मागे जाऊन पाहिलं, सापडलं नाही. वार किती जोराचा आहे हे तू वेगरेषांनी सांगितलंस, तो कुठून निघाला आणि कुठे लागला हे सांगायचं राहिलं. जागा कळली नाही की वाचकाला मार लागत नाही.

जागा दाखवण्यात अकिरा तोरियामांचा हात धरणारा मला तरी दुसरा दिसलेला नाही. ‘ड्रॅगन बॉल’ १९८४ ते १९९५ अशी दर आठवड्याला चालली, तिचे ४२ खंड झाले. तू ती ॲनिमेमधून, म्हणजे जपानी ॲनिमेशनमधून, पाहिली आहेस. आता पानांवर वाच, तीही संवाद न वाचता. भिडण्याआधी एक रुंद चौकट येते: दोघं कुठे आहेत, मधे अंतर किती, मागचा डोंगर कुठल्या अंगाला. त्यानंतर ते कितीही वेगानं हलोत, डोळा चुकत नाही. मागचं चित्रण अनेकदा नावापुरतंच असतं, कारण त्यांच्या हाताशी माणसं कमी होती. सुपर सायान या बलाढ्य रूपातल्या नायक गोकूचे केस पानावर पांढरे राहिले, कारण काळे केस शाईनं भरण्यात सहायकाचा फार वेळ जायचा, असं तोरियामांनीच सांगून ठेवलं आहे. वेळ वाचवायला काढलेली ती युक्ती जगभरातल्या मुलांच्या वह्यांच्या मागच्या पानांवर जाऊन बसली.

वजन मात्र केंतारो मिउरांकडून शीक. त्यांच्या ‘बर्सर्क’ मांगाच्या नायकाची, गट्सची, तलवार जवळजवळ त्याच्याच उंचीची आहे. एवढं लोखंड कुणाला फिरवता येणार नाही हे ठाऊक असूनही आपला विश्वास बसतो, कारण मिउरा आपल्याला नुसतं पातं दाखवत नाहीत. रोवलेला मागचा पाय दाखवतात, पिळलेली कंबर दाखवतात, आणि वार होऊन गेल्यावरही त्या वजनामागे ओढलं जाणारं अंग दाखवतात. (ही मालिका अतिशय हिंसक आहे, अत्याचाराची दृश्यंही तिच्यात आहेत. सगळी वाचच असं मी म्हणणार नाही. लढायांची पानं मी निवडून देईन.)

आणि माराची किंमत. हे माझ्या मते सगळ्यांत मोलाचं. १९६८ ते १९७३ या काळात जपानमध्ये ‘अशिता नो जो’ नावाची मुष्टियुद्धाची मांगा चालली, लेखन इक्की काजिवारांचं, चित्रं तेत्सुया चिबांची. चिबांनी नायक जोचा प्रतिस्पर्धी रिकिइशी सुरुवातीलाच जोपेक्षा बराच थोराड काढून ठेवला होता. पुढे दोघांना एकाच वजनगटात लढवायचं ठरलं तेव्हा पंचाईत झाली. मग तीच पंचाईत कथेत आली: रिकिइशी अन्नपाणी तोडून वजन उतरवतो, सामना जिंकतो आणि त्यातच मरतो. वाचकांना ते मरण इतकं लागलं की मार्च १९७० मध्ये प्रकाशकांच्या इमारतीत त्याचा खराखुरा अंत्यविधी झाला. सुमारे ७०० माणसं आली होती, कागदावरच्या माणसासाठी. त्या सामन्यातले ठोसे तू काढतेस त्याहून फार वेगळे नाहीत. फरक त्याआधीच्या पानांत आहे. तहानेनं कासावीस झालेला रिकिइशी आपण पाहिलेला असतो.

ताकेहिको इनोउएंच्या ‘व्हॅगबाँड’मध्येही तेच. नायक मुसाशी योशिओका घराण्याच्या सत्तर तलवारबाजांशी एकटा लढतो. ही लढाई खंडच्या खंड चालते, आणि तिच्यात विजयाचा आनंद जवळपास कुठेच नाही. हात जड होत जातात, श्वास तुटतो, शेवटी पाय जायबंदी होतो. इनोउए पुढे कुंचल्यानं काढू लागले. त्यांच्या रेघेकडे बघ, थकलेल्या माणसाची रेघ तिथे खरोखर थकलेली दिसते. ही मालिका २०१५ पासून थांबली आहे. पूर्ण झाली नाही तरी हरकत नाही, आहे तेवढीच मला आयुष्यभर पुरेल.

आता कोरिया. तिथल्या कॉमिक्सना मांगाची धाकटी बहीण समजू नकोस. जपानी राजवट १९४५ मध्ये संपल्यानंतर कोरियात जपानी करमणुकीवर कित्येक दशकं बंदी होती, ती १९९८ पासून टप्प्याटप्प्यानं उठली. चोरवाटेनं मांगा येतच होती, पण मान्ह्वाबांगमधून, म्हणजे पैसे भरून बसल्या जागी कॉमिक्स वाचायच्या खोल्यांमधून, कोरियाची स्वतःची परंपराही वाढत राहिली. मुरिम, म्हणजे युद्धविद्येच्या घराण्यांचं आणि त्यांच्या वैरांचं जग, तिथे पिढ्यांना पाठ आहे. जॉन गुक-जिन यांनी लिहिलेली आणि यांग जे-ह्युन यांनी चितारलेली ‘योल्ह्योल कांगहो’ १९९४ पासून चालत आली आहे. याच लेखकाची ‘द ब्रेकर’ तू जरूर वाच. शाळेत रोज मार खाणारा मुलगा आणि वर्गावर आलेला नवा शिक्षक, जो मुळात मोठा लढवय्या आहे. मी शिकवणारा माणूस असल्यामुळे असेल, पण त्यातल्या गुरू-शिष्याच्या ताणानं मला लढायांपेक्षाही जास्त धरून ठेवलं.

तू विचारतेस ती पट्टी, वेबटून, त्यानंतरची. २००३ मध्ये दाउम आणि २००४ मध्ये नेव्हर या संकेतस्थळांनी कॉमिक्सचे विभाग उघडले आणि माउसचं चाक फिरवत वाचायची सवय लागली. मोबाइल आल्यावर तर अंगठाच पुरला. इथे एक तांत्रिक गोष्ट नीट समजून घे. मांगाचं सामर्थ्य पान उलटण्यात आहे. डाव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत कुणीतरी दचकून वर बघतो, तू पान उलटतेस, आणि समोर दोन्ही पानं व्यापून राक्षस उभा. पट्टीला उलटायला पानच नाही. तिच्याकडे आहे अंतर. दोन चौकटींमध्ये एक बोट काळी जागा सोडलीस तर एक क्षण, चार बोटं सोडलीस तर श्वास रोखला जातो. उंचावरून पडणारा माणूस तीन-तीन स्क्रीन पडत राहू शकतो, आणि वाचकाचा अंगठाच त्याला खाली ढकलतो. हे कागदावर कुणालाही जमणार नाही.

पण फोन उभा आणि अरुंद. दोन माणसं समोरासमोर, मधे दहा पावलांचं अंतर, हे लढाईतलं सगळ्यांत मूलभूत चित्र त्यात मावत नाही. म्हणून कोरियन मारधाडीत तिरके वार, वरून खाली झेपा, डोळ्यांचे जवळून घेतलेले तुकडे आणि झगमगत्या रंगांचे लोळ जास्त. चांगला चित्रकार या अडचणीतून वाट काढतो. सामान्य चित्रकार तिथे प्रकाश ओततो आणि जागा हरवते. तुझं सातवं पान तू वेबटून वाचून काढलं आहेस हे मी तिथेच ओळखलं.

‘सोलो लेव्हलिंग’ तुझी लाडकी, म्हणून तिच्याबद्दल मनापासून बोलतो. चुगोंग यांच्या वेबकादंबरीवरून २०१८ मध्ये हिचं वेबटून सुरू झालं, चित्रं डुबू या नावानं काढणाऱ्या जांग सुंग-राक यांची. सुरुवातीची प्रकरणं मी पुन्हा पुन्हा वाचतो. नायक सुंग जिन-वू सर्वांत खालच्या दर्जाचा हंटर, म्हणजे राक्षसांशी लढणारा, त्याची भीती खरी आहे. ते मूर्तींचं दालन, स्वतःहून हललेले डोळे, आणि पळायला जागा नाही. डुबूंनी तिथे काळोख असा वापरलाय की मी फोन डोळ्यांपासून लांब धरला होता. पुढे जेजू बेटावरची मुंग्यांशी लढाईही उत्तम, कारण नायक पोचण्याआधी बाकीचे मोठमोठे हंटर्स हरताना दिसतात. त्यानंतर मात्र माझा जीव त्यात रमत नाही. नायकाची ताकद गेमसारखी आकड्यांत दाखवणारी निळी खिडकी उघडते, आकडा वाढतो, सावल्यांची फौज मोठी होते आणि नायकाला कुणी हातही लावू शकत नाही. चित्रं शेवटपर्यंत अप्रतिम आहेत, म्हणून जास्त वाईट वाटतं. आकडा वाढल्याचं मला कळतं, पण कुणाचं हाड दुखल्याचं कळत नाही. आज निघणाऱ्या कित्येक मालिकांनी नेमकी ही खिडकीच उचलली, ते दालन उचललं नाही.

तेव्हा माझं मत असं: लढाई रचायला जपानी पानांवर शीक, वेळ ताणायला कोरियन पट्टीवर. तू आधी दोन वर्षं पानच काढ. पानावर एका चौकटीला शेजारच्या सात चौकटींचा धाक असतो, कुणाला मोठं करायचं आणि कुणाला दाबायचं हे ठरवावंच लागतं. पट्टीत प्रत्येक चौकट एकटी राज्य करते, ती सवय आधी लागली की मोडत नाही.

मात्र पान काढायचं तर मराठी वाचकाचं काढ. तू मांगासारखं उजवीकडून डावीकडे लावलंस, त्यामुळे मला प्रत्येक पानावर डोळ्यांना वळवून न्यावं लागलं. जपानी वाचकाला ते सहज जातं, आपली देवनागरी डावीकडून सुरू होते. पूर्वी इंग्रजीत मांगा छापताना पानं आरशासारखी उलटी करायचे, मग सामुराई डावखुरे व्हायचे. इतकी दिशा महत्त्वाची. शिवाय जपानी मजकूर उभा लिहितात, म्हणून त्यांचे संवादाचे फुगे उंच आणि निमुळते. तुझे फुगेही तसेच आहेत, आणि त्यात ‘थांबवल्याशिवाय’ हा शब्द तीन ओळींत मोडला आहे.

आवाजही आपले घे. तू सगळीकडे ‘बूम’ लिहिलंस. अगं, आपल्याकडे सपकन्, काडकन्, खण्ण, धप्प, फाटकन् असे शब्द आहेत, प्रत्येकाचं वजन वेगळं. धप्प म्हटलं की माती दिसते, खण्ण म्हटलं की लोखंड. जपानीत तर शांततेलाही ध्वनिशब्द आहे, ‘शीन’, रिकाम्या चौकटीत तो लिहितात. आपला ‘सुन्न’ तिथे चालेल का, करून बघ. आणि शिरोरेषा हे तुला मिळालेलं आयतं शस्त्र आहे. वार बसतो तिथे ती तडकू दे, वाकू दे.

नायिकेच्या हातात दांडपट्टा दिलास याचा मला फार आनंद झाला, पण ती तो कताना, म्हणजे जपानी तलवार, धरावी तसा धरते. पट्ट्याच्या मुठीवरच्या लोखंडी खोबळ्यात हात कोपरापर्यंत जातो, मनगट वळतच नाही. सगळा फिरकारा खांद्यातून आणि कमरेतून येतो. कोल्हापूरकडे मर्दानी खेळाचा सराव चालतो, एक रविवार जाऊन बस. वही घेऊन जा, फोन नको. पाय काढ, फक्त पाय. पन्नास रेखाटनं झाली की हातांकडे वळ.

शेवटची गोष्ट तुझ्या चिठ्ठीच्या शेवटच्या ओळीबद्दल. तू लिहिलं आहेस की ही पानं तू चार रात्री जागून पूर्ण केलीस. ते वाचून मला बरं वाटलं नाही. मिउरा मे २०२१ मध्ये गेले, ५४ वर्षांचे होते. डुबू जुलै २०२२ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावानं गेले, ३७ वर्षांचे. कारणं डॉक्टरांना ठाऊक, मी त्यांच्या कामाशी नातं जोडत नाही. पण आठवड्याला एकोणीस-वीस पानं, किंवा साठ-सत्तर रंगीत चौकटी, हा रतीब माणसाच्या अंगावर काय करतो हे मी चित्रकारांमध्ये आयुष्य काढून पाहिलेलं आहे. मिउरांच्या शाळेपासूनच्या मित्रानं, कोजी मोरींनी, मिउरांनी सांगून ठेवलेली कथा आठवून त्यांच्या सहायकांबरोबर २०२२ मध्ये ‘बर्सर्क’ पुन्हा सुरू केली. ती पानं मी वाचतो तेव्हा रेघ हुबेहूब असूनही तो हात नाही हे कळतं. तुझा हात मला बरीच वर्षं बघायचा आहे. रात्री अकरानंतर पेन्सिल खाली ठेवायची, हे मी आग्रहानं सांगतो आहे.

सहावं आणि सातवं पान पुन्हा काढून पाठव, बाकीच्यांना सध्या हात लावू नकोस. सहाव्यावर एक रुंद चौकट कर, भिंत उजव्या टोकाला, नायिका डाव्या टोकाला, मधे पूर्ण अंगण रिकामं. त्या चौकटीत काहीही घडायला नको, फक्त तिचा मागचा पाय मातीत किती रुतला आहे ते दिसू दे.

तुझे सर