बेचाळीस ऐकून २४ का लिहिले जातात?

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. ३ लिहिताना तो पुष्कळदा ६ काढतो आणि ‘बेचाळीस’ सांगितले की २४ लिहितो. रोज पानभर अंक गिरवून घेते, तरी चुका जात नाहीत. काय करावे?

उत्तर : या दोन चुकांची मुळे वेगळी आहेत, पहिली हाताची आहे, तर दुसरी कानाची, त्यामुळे गिरवण्याचा एकच उपाय दोन्हींना लागू पडणार नाही.

३ आणि ६ ही जवळजवळ आरशातली जोडी आहे. कपाचा कान उजवीकडे असो वा डावीकडे, कप तो कपच राहतो. दिशा फिरली की नावच बदलते, हा प्रकार मुलाला प्रथम अक्षरांत आणि अंकांत भेटतो. त्यामुळे या वयात उलटा अंक निघणे स्वाभाविक आहे. (आठव्या वर्षानंतरही हे टिकले आणि वाचनही अडखळत असेल, तर तज्ज्ञांना दाखवावे.) भरलेले पान तपासण्यापेक्षा पेन्सिल कोठे टेकते ते पाहावे. ३ची सुरुवात डावीकडून होते, ६ची उजवीकडून. तेथे ठळक टिंब काढून द्यावे आणि ३ पक्का होईपर्यंत ६ शेजारी आणू नये. लक्ष न देता भरून घेतलेल्या पानात चुकीचे वळणच पक्के होते.

बेचाळीसच्या बाबतीत मात्र मी मुलाच्या बाजूने आहे. ‘बे’ आधी कानावर पडतो म्हणून तो २ आधी लिहितो. एकक आधी बोलायचा आणि दशक आधी लिहायचा, ही अडचण आपल्या भाषेची आहे. एकोणचाळीसमध्ये तर ‘चाळीस’ ऐकून ३ लिहावा लागतो, आणि नव्व्याण्णवला ‘एकोणशंभर’ का म्हणत नाहीत, असे त्याने विचारले तर प्रश्न रास्तच आहे.

दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडून आधी ‘चाळीस आणि दोन’ म्हणवून घ्यावे, मग ‘बेचाळीस’. लिहिण्यापूर्वी दर वेळी ‘गठ्ठे किती?’ एवढेच विचारावे. ४०च्या कार्डावरील शून्यावर २चे छोटे कार्ड ठेवून ४२ कसे होतात, हेही दाखवावे. एवढे करूनही त्याने २४ लिहिले, तर ते खोडू नये. लिहिले आहे तेवढ्या काड्या त्यालाच मांडायला सांगाव्यात. दोनच गठ्ठे लागले की तो स्वतःच वहीकडे वळेल.